बोटभर फट

ब्रश हातातून निसटला म्हणून कळलं. नाहीतर आणखी किती दिवस कळलं नसतं, देव जाणे. वजनांवरची धूळ झटकायचा तो मऊ केसांचा ब्रश, चौथऱ्याच्या कडेवर आपटला आणि घरंगळत रबराच्या चटईखाली गेला. ती गुडघ्यांवर बसली. चटईखाली, तराजू ज्यावर उभा होता त्या खांबाभोवती फट होती, आणि ब्रश त्या फटीत गेला तर तो वर काढायला आकडा लावलेली काठी आणावी लागणार, या विचाराने तिने घाईने चटईची कड उचलून हात आत घातला. ब्रश लगेच लागला. तो खाली गेलाच नव्हता. तिचं बोट सवयीने पुढे सरकलं, जिथे पोकळी लागायला हवी तिथे थंड, घट्ट, गुळगुळीत काहीतरी लागलं. तिने बोट तसंच पुढे नेलं. खांबाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, मग वळून दुसऱ्या बाजूला, तिसऱ्या, चौथ्या. मग तिने चटईच ओढून बाजूला केली. फट नव्हती. कुणीतरी ती सिमेंटने भरली होती, थापीने घोटून सारखी केली होती, आणि जमिनीच्या रंगाशी जुळणारा करडा रंगही वरून फासला होता. मन लावून केलेलं काम होतं. त्या कामाची सफाई बघून तिच्या कानशिलांत काहीतरी तापायला लागलं.

सकाळी तळघरात आल्यावर पहिला आकडा वाचून होईपर्यंत कुणाशी बोलायचं नाही, हा तिचा नेम. माणूस खोलीत आला की त्याच्या अंगाची ऊब हवेत मिसळते, ती निवेपर्यंत तराजूला हात लावायचा नसतो. तेवढा वेळ ती डोळे मिटून देवाचं नाव घ्यायची. तिच्याआधी ही मोजमाप प्रयोगशाळा मोठ्या सरांकडे होती तेव्हा तेही शेजारी उभे राहत, देव मानत नसत तरी. म्हणत, ‘तुमचा देव आमच्या छताच्या पंख्यापेक्षा बरा हो. निदान हवा तरी हलवत नाही.’ आज तिने डोळे मिटले ते उभ्याने नाही, जमिनीवर बसून, आणि नाव ओठांशी येईना. येत होतं ते सगळं गेल्या काही आठवड्यांचं. सुट्टी संपून ती परत आली तेव्हापासून मोठ्या तराजूचा वजन दाखवणारा प्रकाशाचा ठिपका पट्टीवर ठरत नव्हता. झुलत यायचा, थांबल्यासारखा करायचा आणि पुन्हा थरथरायचा, झोपेत लहान मुलाची पापणी हलते तसा. फार नाही. ठरवून दिलेल्या मर्यादेच्या आत, पण अगदी दाराला टेकून. तिने काच पुसली, दिवा बदलला, श्वास रोखून बघितलं. सगळं केल्यावर जे उरतं ते आपण स्वतः, असं तिला शिकवलेलं होतं. म्हणून तिने दोष आपल्या डोळ्यांना दिला. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आली. रात्री झोपताना थेंब घालायला लागली. आणि हे सगळं चाललं असताना खांब बिचारा इमारतीच्या मिठीत अडकून, लिफ्टबरोबर, जिन्यावरच्या पावलांबरोबर, शेजारच्या खोदकामाबरोबर हलत होता आणि इमानाने तेच पट्टीवर दाखवत होता.

तो खांब म्हणजे तसा कुणाच्या खिजगणतीत नसलेला. पाहुणे आले की त्यांना तराजू दाखवायचे, काचेच्या पेटीतली प्रमाण वजनं दाखवायचे, मोठ्या सरांचा फोटो दाखवायचे. फट कुणीही कुणाला दाखवली नाही. ‘काहीच नाही’ अशी गोष्ट दाखवणार कशी? पण मोठे सर सांगत, की सगळी प्रयोगशाळा त्या काहीच नाहीवर उभी आहे. खांब खाली थेट खडकातून वर आलेला. तळघराची जमीन त्याच्या भोवतीने, त्याला न शिवता, बोटभर अंतर राखून केलेली. इमारतीने हवं तेवढं हलावं, खांबाला त्याचं सोयरसुतक नाही. या विद्यापीठाच्या जन्माची कथाही त्या बोटभर जागेपासूनच सुरू होते, असं सर म्हणत, आणि ती जगात कुठे छापलेली नसल्यामुळे तीच खरी, असंही म्हणत. आधी तीन संस्था होत्या. पाणीपुरवठ्याचे नकाशे काढणारे घडवणारी तंत्रशाळा, खाणकाम शिकवणारं महाविद्यालय, आणि रंग-रसायनांची एक संस्था. सरकारने एक कायदा करून तिघींना एका छपराखाली आणलं आणि वर नाव दिलं विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ. तीन प्राचार्य एकाच बैठकीत बसले की चौथी खुर्ची रिकामी ठेवावी लागे, म्हणजे कुणी हात उगारला तरी तो शेजारच्याला लागायला नको. त्या पहिल्या वर्षी तंत्रशाळेच्या यंत्रशाळेत केलेला खिळा खाणवाल्यांच्या भोकात बसेना. हे म्हणाले तुमचं भोक चुकलं, ते म्हणाले तुमचा खिळा. रसायनवाले मधे पडले आणि त्यांचं वजन दोघांशीही जुळेना. तेव्हा पहिल्या कुलगुरूंनी मोठ्या सरांना बोलावून सांगितलं, की या तिघांच्या वर एक मोजमाप बसवा, नाहीतर मला परत पाठवा. सरांनी दोनच गोष्टी मागितल्या. खडकापर्यंत जाणारा खांब, आणि विद्यापीठाच्या कायद्यात एक कलम: मोजमाप प्रयोगशाळा कुठल्याही विद्याशाखेत असणार नाही, कुठल्याही अधिष्ठात्याच्या हाताखाली असणार नाही, तिच्या तपासणीच्या दाखल्यावर तिच्या प्रमुखाशिवाय दुसऱ्या कुणाची सही लागणार नाही. मोजणाऱ्याने कुणाला टेकून उभं राहू नये, एवढंच ते त्या सभेत बोलले आणि खाली बसले. कोण कुणाच्या हाताखाली हे दाखवणाऱ्या तेव्हाच्या तक्त्यात सगळे चौकोन होते, एकाखाली एक लोंबकळणारे. प्रयोगशाळा तेवढी बाजूला एका लहानशा गोलात, वर कुलगुरूंपर्यंत जाणारी तुटक रेघ घेऊन. त्यानंतर येईल त्या कुलगुरूने तक्ता नव्याने काढला. विद्याशाखांची संकुलं झाली, संकुलांची केंद्रं झाली, केंद्रांचे गट झाले. माणसं त्याच खोल्यांत बसून दारावरची पाटी तेवढी बदलत राहिली. गोलाला कुणी हात लावला नव्हता. आज चारच्या विद्यापरिषदेत तो लावायचा होता. नव्या तक्त्यात मोजमाप प्रयोगशाळा उद्योग-सहकार्याच्या अधिष्ठात्याखाली एका पिवळ्या चौकोनात जाणार होती. तक्ता काढणारा आणि तो अधिष्ठाता एकच. तिचा धाकटा भाऊ.

ती बांधकाम विभागात गेली तेव्हा तिथला अभियंता फरशीचे नमुने मांडून बसला होता. तो याच विद्यापीठातून शिकून बाहेर पडलेला आणि इथेच नोकरीला लागलेला. तिला बघून उठून उभा राहिला.

“मॅडम, तुम्ही कशाला आलात? फोन केला असता तर मी आलो असतो.”

“येऊन गेलास की. सुट्टीत.”

त्याचा चेहरा उतरला. म्हणजे त्याला लगेच कळलं होतं. तिने ते टिपलं.

“पाहणीला बाहेरची समिती यायचीय ना, मॅडम, म्हणून सगळ्या इमारतींतल्या भेगा बुजवायचं ठरलं. आमच्या कंप्युटरमध्ये कामाचे प्रकार ठरलेले आहेत. गळती, ओल, वाळवी, भेग. एक निवडल्याशिवाय पुढचं पान उघडतच नाही.”

“मुद्दाम ठेवलेली जागा, असा प्रकार नाही?”

“नाही ना,” तो कळवळून म्हणाला.

“तिसऱ्या वर्षाला तू माझ्याकडे होतास. मी दरवर्षी तोच प्रश्न घालायचे. कंपनापासून अलग केलेला पाया. आकृती काढून समजावून सांगा.”

“मला पूर्ण मार्क होते, मॅडम.”

तो हे उद्धटपणे म्हणाला नव्हता. उलट लाजून म्हणाला होता, जणू मार्क पडल्याचीच चूक कबूल करत होता. तिला वाटलं, याला आता काय बोलावं. याने ती फट कागदावर काढली, बाण दाखवून ‘मोकळी जागा’ असं लिहिलं, पेपर दिला, पदवी घेतली, आणि मग खरी फट समोर आली तेव्हा तीत सिमेंट ओतलं. याला शिकवलं कुणी? तिनेच. त्या पाटीखाली, त्या कायद्याखाली, त्या तीन भांडकुदळ प्राचार्यांच्या भांडणातून उभ्या राहिलेल्या या सगळ्या पसाऱ्याने. इमारत कमिटीच्या बैठकीत भेगांचा विषय निघाला होता तेव्हा ती हजर होती, ‘तळघरातला खांब सोडून’ असं म्हणालीही होती. शेजारच्याने ‘काय म्हणालात?’ असं विचारलं, तिने पुन्हा सांगितलं, तोवर पुढचा विषय लागला होता.

“पण माझ्या लक्षात आलं नंतर,” अभियंता घाईने म्हणाला. “काम झाल्यावर पाच-सात दिवसांनी. जेवताना एकदम ती आकृती डोळ्यांपुढे आली. घास तसाच हातात राहिला. तसाच उठून सरांकडे गेलो.”

“कुठल्या सरांकडे?”

“तुमच्या... आपल्या धाकट्या सरांकडे. म्हटलं, लगेच फोडून काढतो, दोन दिवसांचं काम आहे. ते म्हणाले, ताईला मी सांगतो, तू कुणाला बोलू नकोस, सभा होऊन जाऊ दे.” तो थांबला. “त्यांनी सांगितलं नाही का तुम्हाला?”

बाहेर आवारात ऊन होतं. शेजारच्या भूखंडावर नव्या इमारतीसाठी खोदकाम चाललं होतं आणि यंत्राचा प्रत्येक ठोका तिच्या टाचांना कळत होता. ती चालत होती, पण मनाने त्या डॉक्टरच्या बाहेरच्या खोलीत जाऊन बसली होती. हिरव्या रेक्झिनची बाकं, भिंतीवर डोळ्याचं उभं कापलेलं चित्र. धाकट्याने स्वतः गाडी काढून तिला नेलं होतं. ‘तू कशाला बसने जातेस, डोळ्यांत औषध घातल्यावर दिसायचं नाही तुला,’ असं म्हणाला होता. बाहुल्या मोठ्या करायचं औषध घालून ती बसली तेव्हा तो शेजारी बसून जुनं मासिक चाळत होता. सगळं धुरकट झालं होतं, त्याचा चेहराही, आणि त्या धुरकट चेहऱ्याकडे बघून ती म्हणाली होती, ‘डोळे गेले तर माझं कामच संपलं रे.’ त्याने तिच्या हातावर हात ठेवला होता. ‘जाऊ दे ना ताई, वय होतं माणसाचं. थोडं सोडायला शीक.’ केवढं बरं वाटलं होतं तिला त्या हाताने. घरी येऊन देवापुढे बसल्यावर तिने त्याच्यासाठी मागितलं होतं, त्याचं भलं कर म्हणून. त्याला तेव्हा माहीत होतं. डॉक्टर आतून तिचं नाव पुकारत होता तेव्हा माहीत होतं. ती दाराची कड चाचपत आत गेली तेव्हा माहीत होतं. ती बाहेर येऊन ‘डॉक्टर म्हणतात, फारसं काही नाही, पण थेंब घाला’ असं म्हणाली तेव्हा हसून ‘बघ, म्हटलं नव्हतं मी?’ असं त्याने म्हटलं तेव्हाही माहीत होतं. ती आवारातल्या बाकापाशी थांबली. राग असा येतो हे तिला ठाऊक नव्हतं. तिच्या कल्पनेतला राग वर चढणारा, तोंडातून बाहेर पडणारा. हा खाली उतरत होता, पायांत जाऊन बसत होता, जड होत होता. कठोर शब्द तोंडातून जाऊ द्यायचा नाही, हाही एक नेम तिने कित्येक वर्षं पाळला होता आणि त्या नेमाचा आजवर सगळ्यांत जास्त फायदा कुणाला झाला असेल, याचा तिने कधी हिशेबच मांडला नव्हता.

धाकट्याच्या खोलीत भिंतभर तक्ता लावलेला होता, निळे, हिरवे, पिवळे चौकोन. तो फोनवर होता. हाताने ‘बस’ म्हणाला, फोन ठेवला.

“ये ताई. चहा सांगू?”

“डोळ्यांचे थेंब बंद करू का?”

“का? आग होते?”

“डोळे बरे आहेत म्हणून.”

त्याला समजायला एक क्षण लागला. मग तो खुर्चीत मागे रेलला. “त्या शहाण्याने सांगितलं तुला.”

“त्याला शहाणा म्हणू नकोस. त्याला निदान घास गिळवला नाही.”

“बस तर आधी. हे बघ, मी सांगणारच होतो.”

“कधी? मला काठी घ्यायला लावल्यावर?”

“ताई, आता तू टोमणे मारणार असशील तर...” तो हसला, लहानपणापासूनचं हसू, शेजारच्यांची काच फोडून घरात शिरतानाचं. “तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? तराजू बंद, दाखले बंद, मग कुलगुरूंना पत्र. पाहणी समिती तोंडावर आलीय. ऐन वेळी मोजमाप प्रयोगशाळाच बंद म्हटल्यावर शोभा झाली असती सगळ्या विद्यापीठाची. सभेपर्यंत थांबायचं होतं फक्त. आज तक्ता मंजूर झाला की प्रयोगशाळा माझ्याकडे येते. उद्या माझ्या सहीने फट मोकळी. पाहिजे तर दुप्पट रुंद करून देतो तुला, त्यात बसून पोथी वाच.”

“आणि दाखले?”

“कुठले दाखले?”

“सुट्टीनंतर दिलेले. मोठ्या दवाखान्याच्या औषधकोठीची वजनं आपल्याकडून तपासून गेलीत. त्या वजनांवर लहान मुलांच्या औषधाच्या पुड्या बांधतात. माझी सही आहे त्यांच्यावर.”

“मर्यादेत होती ना?”

“होती. काठावर.”

“मग झालं तर. केसाएवढा फरक असेल.”

“केसाएवढा की त्याहून जास्त, हे सांगणार कोण आता? ज्याने सांगायचं त्याचेच पाय तुम्ही जमिनीला चिकटवून ठेवलेत.”

तो उठून तिच्या बाजूला आला, टेबलाच्या कडेवर टेकला. खासगी बोलताना तो असाच टेकायचा. “मी तुझ्या डोळ्यांना दोष लावला का सांग? तूच म्हणालीस, डोळे गेलेत वाटतं. मी फक्त गाडी काढली.”

हे खरं होतं. एक अक्षरही खोटं नव्हतं. आयुष्यभर त्याने असंच केलं होतं. तिने स्वतःवर घेतलेलं ओझं तो फक्त तिच्या खांद्यावर नीट बसवून द्यायचा. आई म्हणायची, माझी मोठी फार समजूतदार. दूध एकच पेला असलं की मोठी समजूतदार, पुढे शिकायला बाहेर पाठवायचं एकालाच जमत होतं तेव्हा मोठी समजूतदार, वडील गेल्यावर लग्नाचं बोलणं लांबणीवर पडत पडत बंद झालं तेव्हाही मोठी समजूतदारच. त्या शब्दात माया होती असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. आता वाटलं, ते सिमेंट होतं. थापीने घोटलेलं, वरून रंग फासलेलं.

“उद्यापासून एखादा दाखला मागे घ्यायचा झाला,” तिने विचारलं, “तर सही कुणाची?”

“नवीन कलमाप्रमाणे अधिष्ठात्याची.”

“म्हणजे तुझी.”

“माझी. मी काय परका आहे?” मग आवाज खाली आणून तो म्हणाला, “आज गप्प बस ताई. माझ्यासाठी. पुढच्या खेपेला कुलगुरूपदासाठी नावं जातील तेव्हा ही पुनर्रचनाच माझ्या नावावर असणार आहे. तुला काही करायचं नाहीये. तू नेहमीसारखी बस, बस्स.”

ती दाराकडे वळली, आणि तो समजला की ती समजली.

चार वाजेपर्यंत ती तळघरात बसून होती. तराजूला हात लावला नाही. दारापाशी उभं राहून तिने देवाचं नाव घ्यायचा पुन्हा प्रयत्न केला, आणि या वेळी नाव आलं, पण शांत होऊन आलं नाही. दात आवळून आलं. तिला वाटलं, चालेल. आजवर आपण त्याच्याकडे धुतलेली, घडी घातलेली मनंच नेली, एक दिवस मळकं नेलं तर तो काही परत पाठवणार नाही. ती विचार करत होती तो साधा होता आणि त्याला फाटे फुटत नव्हते. आज संध्याकाळपर्यंत तिच्या सहीने दिलेला दाखला तिच्या सहीने परत घेता येत होता, कुणाला न विचारता. त्यानंतर येणार नव्हता. दाखले मागे घेतले तर प्रयोगशाळेचं नाव जाणार, पाहणी समितीपुढे नाचक्की होणार, तिच्यावरच बोट येणार की इतके आठवडे हिला कळलं कसं नाही. आणि तक्ता बहुतेक तरीही मंजूर होणार. म्हणजे वाचणार काहीच नव्हतं. दवाखान्यातली एखादी पुडी सोडली तर.

विद्यापरिषदेच्या दालनात पडद्यावर तक्ता लावला होता. धाकटा छान बोलत होता. तो नेहमीच छान बोलायचा; तिनेच त्याला वक्तृत्वाची पहिली भाषणं लिहून दिली होती. तीन संस्थांच्या संगमापासून आजच्या झेपेपर्यंत, असा त्याने विद्यापीठाचा सगळा इतिहास चार वाक्यांत गुंडाळला. त्या चार वाक्यांत खिळा नव्हता, भोक नव्हतं, रिकामी चौथी खुर्ची नव्हती. मग पिवळ्या चौकोनाशी येऊन तो म्हणाला, “मोजमाप प्रयोगशाळेबाबत प्रमुखांशी चर्चा झालेली आहे. त्यांची हरकत नसावी.”

ती उभी राहिली. कुणाच्या लक्षात आलं नाही. तिने बोलायला सुरुवात केली तेव्हा कुलगुरू म्हणाले, “मॅडम, जरा मोठ्याने,” आणि कुणीतरी माईक तिच्याकडे सरकवला.

“तक्त्याचं मी नंतर बोलेन,” ती म्हणाली. “सुट्टीनंतर आमच्या प्रयोगशाळेने दिलेले सगळे दाखले मी आत्ता मागे घेते आहे. तळघरातल्या खांबाभोवतीची फट भरली गेलीय. खांब इमारतीला जोडला गेलाय. त्यावर केलेल्या मोजमापाची खात्री मी देऊ शकत नाही.”

दालनात सगळे एकदम बोलायला लागले. यंत्र विभागाचा प्रमुख म्हणाला, “अहो, मग आमच्याकडच्या प्रमाणपट्ट्या?” ती म्हणाली, त्याही. रसायनवाला म्हणाला, त्याच्या विद्यार्थ्याचा प्रबंध परवा सादर व्हायचाय. ती म्हणाली, थांबवा. कुलगुरूंनी चष्मा काढला. “मॅडम, समिती सोमवारी येतेय. हे आज, इथे, अशा रीतीने सांगायची काय गरज होती?”

“विषय क्रमाने घेऊ या,” धाकटा हसून म्हणाला, पण त्याच्या हातातला पडद्यावर रोखायचा दिवा तक्त्यावर भलतीकडेच फिरत होता. “आधी ठराव होऊ दे. मग दाखल्यांचं रीतसर बघता येईल.”

“रीतसर मग तुझी सही लागेल,” ती म्हणाली.

दालनात ती त्याला आजवर ‘आपण’ म्हणत आली होती. त्या एकेरीने दोघं-तिघं चपापून तिच्याकडे बघायला लागले. तिने माईक बाजूला सारला, पिशवी उचलली आणि बाहेर आली. पाठीमागे कुलगुरू ‘शांत व्हा, शांत व्हा’ म्हणत होते आणि दार लागेपर्यंत कुणी झालेलं नव्हतं.

व्हरांड्यात उभं राहून तिने दवाखान्याच्या औषधकोठीचा नंबर फिरवला.   पलीकडून एका बाईचा आवाज आला, कामात बुडालेला. तिने आपलं पद सांगितलं, प्रयोगशाळा सांगितली, तपासून पाठवलेली वजनं आजपासून वापरू नका म्हणून सांगितलं.

“थांबा हं,” ती बाई म्हणाली. तिने कुणाला तरी ‘तो डबा बाजूला ठेव, हात लावू नकोस’ असं बजावलं. मग परत आली. “आमच्याकडे जुना संच आहे, दुसरीकडून तपासलेला. तो काढते. पण बाई, हे तुम्हाला आज कळलं?”

“मला आज कळलं.”

आतून टाळ्या ऐकू आल्या, तुटक, कुणी वाजवायच्या म्हणून वाजवलेल्या. दार उघडलं आणि धाकटा बाहेर आला. चेहरा पांढरा पडला होता. “झाला ठराव,” तो दबक्या आवाजात म्हणाला. “एवढं करून काय मिळवलंस तू? फोन ठेव. यापुढे बाहेर काही कळवायचं तर माझ्यामार्फत.”

तिने त्याच्याकडे बघितलं. डोळे स्वच्छ होते. त्याच्या कानाजवळचे पिकलेले केस, दाढी करताना राहिलेला एक खुंट, सगळं नीट दिसत होतं.

“हॅलो?” फोनवरची बाई म्हणत होती. “मला वरती कळवायला लागेल, म्हणून विचारते. तुम्हाला आज कळलं म्हणता. तुमच्या इथे आधी कुणाला माहीत होतं का?”

“होतं,” ती म्हणाली.

“ताई,” धाकटा म्हणाला. बऱ्याच वर्षांनी त्याने ते मागितल्यासारखं म्हटलं होतं.

“कोणाला? नाव सांगा, लिहून घेते. पूर्ण नाव सांगा हं, नाहीतर ते परत विचारतात.”

तिने त्याच्यावरून नजर न काढता त्याचं नाव सांगितलं. मग वडिलांचं. मग आडनाव. शेवटचे दोन शब्द तिचेही होते.

“शेवटचं नीट ऐकू आलं नाही,” बाई म्हणाली.

तिने पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून, एकेक शब्द सुटा करून.